सर्व्हरपासून दूर ठेवलेली प्रत



गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या चिकित्सालयांचे आणि औषधालयांचे रूप हळूहळू, परंतु पुरते पालटले आहे. ज्या कपाटांत रुग्णपत्रिकांचे गठ्ठे बांधून ठेवले जात, त्यांच्या जागी आज अनेक ठिकाणी एका कोपऱ्यात लहानसा सर्व्हर उभा असतो. नोंदणीच्या खिडकीवरील कर्मचारी, तपासणीच्या खोलीतील वैद्य, पंचकर्म विभागातील परिचारक आणि औषधविक्रीच्या टेबलावरील माणूस, हे सर्वजण त्याच एका यंत्रातील नोंदी वाचतात आणि त्याच यंत्रात नव्या नोंदी भरतात. रसशाळा चालविणाऱ्या सभासदांकडे तर कच्च्या मालाची आवक, प्रत्येक बॅचचा तपशील, वितरकांची येणी आणि करविषयक हिशेब, असा सारा व्यवसायच त्या पेटीत सामावलेला असतो.

ती पेटी उद्या सकाळी सुरूच झाली नाही तर काय, असा प्रश्न विचारला असता बहुतेक सभासद निश्चिंतपणे सांगतात की, "बॅकअप आहे." तो कोठे आहे, असे पुढे विचारले की बोट पुन्हा सर्व्हरकडेच वळते. त्याच टेबलावर, त्याच विजेच्या पट्टीला जोडलेली आणि रात्रंदिवस सर्व्हरला चिकटून असलेली एक हार्डडिस्क त्यांना अभिप्रेत असते. आमचे स्पष्ट मत असे की, अशा डिस्कवरील प्रतीस बॅकअप म्हणता येणार नाही. सुटी काढता येणारी हार्डडिस्क हे लहान व्यवसायासाठी आजही अत्यंत उपयुक्त आणि परवडणारे साधन आहे. मात्र तिचा सारा गुण ती काढण्यात आणि दूर नेण्यात आहे. हे मत मांडण्यासाठी आणि त्यामागील कारणे सभासदांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गमावण्यासारखे आपल्यापाशी काय आहे?

आधुनिक प्रयोगशाळेतील रक्ततपासणीचा अहवाल हरवला तर तपासणी पुन्हा करता येते. आपल्या नोंदींचे तसे नाही. आमवाताच्या एखाद्या रुग्णास नऊ वर्षांपूर्वी स्नेहपानाची कोणती मात्रा मानवली, वमनाच्या वेळी किती वेग आले, कोणत्या ऋतूत व्याधीने उचल खाल्ली, श्वित्राचा डाग त्या वेळी केवढा होता, ही निरीक्षणे त्या त्या क्षणाची असतात. तो क्षण पुन्हा तपासता येत नाही. आपली चिकित्सा वर्षानुवर्षे चालणारी असल्याने रुग्णाचा पूर्वेतिहास हाच तिचा आधार असतो. तो नाहीसा झाला की दहा वर्षांचा जुना रुग्ण पुन्हा पहिल्या दिवसावर येऊन उभा राहतो, आणि त्याचा भुर्दंड आपल्याला नव्हे, त्याला सोसावा लागतो.

औषधनिर्मात्यांची जबाबदारी याहूनही व्यापक आहे. शेड्यूल टी नुसार प्रत्येक बॅचच्या निर्मितीची नोंद ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. आसव-अरिष्टांसारख्या कल्पांची वापरमुदत दहा वर्षांपर्यंत असते. म्हणजे आज भरलेली बाटली कित्येक वर्षांनी कोणी उघडेल आणि तिच्याविषयी तक्रार करील, तेव्हा त्या बॅचमध्ये कोणते द्रव्य कोणाकडून आले होते आणि तो माल कोणकोणत्या दुकानांत गेला, याचे उत्तर आपल्यापाशी असावयास हवे. ते उत्तर केवळ एका सर्व्हरच्या पोटात असेल, तर आपण आपली अब्रू एका फिरत्या चकतीवर ठेवलेली आहे, असेच म्हणावे लागेल.

कायद्याचेही या बाबतीत काही म्हणणे आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यावसायिकाने आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावयाचे असतात. २०२४-२५ या वर्षाचे हिशेब त्या न्यायाने २०३१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत सांभाळावे लागतील. याच कायद्याखालील नियम ५७ तर असे सांगतो की, संगणकीय नोंदींची योग्य प्रत ठेवावी, आणि अपघाताने अथवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्यास ती माहिती वाजवी कालावधीत पुन्हा उभी करता आली पाहिजे. वैद्यकीय सेवेवर कर नसला, तरी औषधविक्रीसाठी नोंदणी केलेल्या सभासदांना हा नियम लागू आहे. सर्व्हर बिघडला, ही सबब तेथे चालत नाही.

आपल्याच शास्त्राची साक्ष

एकाच प्रतीवर विसंबण्याचे परिणाम काय होतात, हे आयुर्वेदाच्या अभ्यासकास तरी वेगळे सांगण्याचे कारण नाही. पुनर्वसु आत्रेयांचे सहा शिष्य होते आणि सहाही जणांनी आपापली तंत्रे रचली, अशी आपली परंपरा सांगते. त्यांपैकी अग्निवेशाचे तंत्र चरक आणि दृढबल यांच्या हातून संस्कारित होऊन आपल्यापर्यंत आले. भेलाची संहिता प्रामुख्याने तंजावरच्या एका खंडित पोथीवर तगली. ज्या सरस्वती महाल ग्रंथालयास सरफोजीराजे भोसले यांनी वैभव आणले, तेथील ही पोथी. ती तेवढी नसती, तर भेलाचे नावच काय ते उरले असते. जतूकर्ण, पराशर आणि क्षारपाणि यांच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे. नेपाळात सापडलेल्या त्रुटित ताडपत्रांवरून १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेची कथाही फारशी वेगळी नाही. बालकांच्या चिकित्सेवरील आपला हा प्रमुख ग्रंथ आज आपण गाळलेल्या जागांसह वाचतो.

याच्या उलट उदाहरण चरकसंहितेचे. तिच्या १२० अध्यायांपैकी ४१ अध्याय, म्हणजे चिकित्सास्थानातील १७ आणि कल्प व सिद्धी ही दोन्ही स्थाने, दृढबलाच्या काळी उपलब्ध नव्हती. त्याने ती इतर अनेक तंत्रांतून वेचून पूर्ण केली. मूळ स्थळी जे नष्ट झाले होते, ते अन्यत्र कोठेतरी शिल्लक होते, म्हणूनच हे शक्य झाले. ग्रंथ टिकविण्याचा हा नियम संगणकातील नोंदींनाही जसाच्या तसा लागू पडतो. प्रती अनेक हव्यात, त्या निरनिराळ्या ठिकाणी हव्यात, आणि एकीवर आलेले संकट दुसरीपर्यंत पोहोचता कामा नये.

संगणकशास्त्रातील मंडळी हेच तत्त्व तीन-दोन-एक या सूत्राने सांगतात: मूळ धरून तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील किमान एक वास्तूबाहेर.

प्रचलित गैरसमज

सर्व्हर विकणाऱ्याने आत दोन डिस्क बसवून दिलेल्या असतात. एक बंद पडली तर दुसरी चालू राहते. या व्यवस्थेस रेड असे म्हणतात आणि ती चांगलीच आहे. तिच्यामुळे काम खोळंबत नाही. परंतु या दोन डिस्क म्हणजे आरसा आणि प्रतिबिंब. कर्मचाऱ्याने चुकून एखाद्या वर्षाची साठानोंद पुसली, तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. सर्व्हर चोरीस गेला, तर दोन्ही जातात.

बाहेरून कायम जोडलेल्या डिस्कची अवस्थाही याहून बरी नाही. वळिवाच्या पावसात वीज कोसळून दाब वाढला, तर एकाच पट्टीला लावलेली दोन्ही यंत्रे एकदमच जळतात. पूर आला तर दोन्ही भिजतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. तळमजल्यावरील दुकानात सर्व्हरशेजारी ठेवलेल्या डिस्कने अशा वेळी कोणास काय दिले असते?

तिसरा गैरसमज पेन ड्राइव्हचा. खिशात मावणारी ही वस्तू कागदपत्रे एका जागेहून दुसरीकडे नेण्यास सोयीची आहे, दीर्घकाळ साठवणुकीस नव्हे. पेन ड्राइव्ह काय किंवा एसएसडी काय, त्यांतील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने असते आणि तो भार वापर नसताना कालांतराने गळतो. पूर्ण वापर झालेल्या साध्या एसएसडीने ३० अंश तापमानात विजेवाचून एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा त्या उद्योगाच्या मानकात आहे. बंद कपाटात वर्षानुवर्षे ठेवावयाच्या प्रतीसाठी चुंबकीय चकतीची जुन्या पद्धतीची हार्डडिस्कच अधिक भरवशाची.

चौथा मुद्दा क्लाउडचा, आणि येथे आम्ही एकांगी होऊ इच्छित नाही. दूरच्या केंद्रात इंटरनेटद्वारे ठेवलेली प्रत ही वास्तूबाहेरची प्रत असते, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ती अवश्य ठेवावी. मात्र तीन गोष्टी ध्यानात असाव्यात. पुष्कळ सभासद ज्यास क्लाउड बॅकअप समजतात, ती केवळ समकालन करणारी सोय असते. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. दुसरे, वार्षिक शुल्क भरण्याचे राहिले अथवा खाते ज्या कर्मचाऱ्याच्या दूरध्वनी क्रमांकावर उघडले तो सोडून गेला, तर आपल्याच नोंदींसमोर आपण परके ठरतो. तिसरे, प्रत परत आणण्यास लागणारा वेळ. १०० जीबी माहिती सेकंदास १० मेगाबिटच्या जोडणीवरून उतरविण्यास सलग सुमारे २२ तास लागतात. सेकंदास १०० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कवरून तेच काम साधारण सतरा मिनिटांत होते. दारात रुग्ण ताटकळत उभे असताना हा फरक लहान नव्हे.

दोन घटनांचा बोध

आता खंडणीखोर प्रणालींविषयी. रॅन्समवेअर या नावाने ओळखली जाणारी ही उपाधी संगणकातील नोंदी कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. ती केवळ सर्व्हरपुरती थांबत नाही. त्या वेळी सर्व्हरला जोडलेली प्रत्येक डिस्क आणि जाळ्यातील प्रत्येक उघडे कपाट तिच्या आवाक्यात असते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे एम्सवर, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असा हल्ला झाला. नोंदणी, भेटीच्या वेळा, दाखल करून घेणे, घरी सोडणे ही सारी कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली, आणि बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, हल्ल्याची बाधा न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची सर्व माहिती परत मिळाली आणि नव्या सर्व्हरांवर चढविण्यात आली. देशातील अग्रगण्य रुग्णालयाला तारले ते हल्ल्यापासून अलिप्त राहिलेल्या प्रतीने.

दुसरी घटना २७ जून २०१७ ची. नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही तेव्हा विस्कळीत झाले होते. कंपनीच्या संपूर्ण जाळ्याची सूत्रे सांभाळणाऱ्या सर्व्हरांच्या प्रती जगभर होत्या. परंतु त्या सर्व सतत एकमेकींशी जोडलेल्या असल्याने एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती केवळ एक, आफ्रिकेतील घाना देशातली. तेथील वीज गेल्यामुळे तो सर्व्हर नेमका त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. भारनियमनाने गांजलेल्या महाराष्ट्राने वीज जाण्याचा असा उपकार क्वचितच अनुभवला असेल! जगातील एका बलाढ्य कंपनीस योगायोगाने जे लाभले, ते आपण सुटी डिस्क काढून घेण्याच्या साध्या कृतीने दररोज नियमाने साधू शकतो.

आचरणाची रीत

निदान झाल्यावर चिकित्सा सांगितली पाहिजे. लहान चिकित्सालय आणि औषधालय यांस झेपेल, अशी व्यवस्था आम्ही येथे मांडतो.

प्रथम गरजेचा अंदाज घ्यावा. समजा, दिवसाला ४० रुग्ण आणि वर्षाचे ३०० कार्यदिवस आहेत. म्हणजे वर्षाला १२,००० नोंदी झाल्या. लिखित नोंद प्रत्येकी २० किलोबाइट धरली, तरी वर्षाचे २४० मेगाबाइटच होतात. त्वग्रोगाच्या रुग्णांची छायाचित्रे रोज दहा आणि प्रत्येकी ३ मेगाबाइट धरली, तर वर्षाला ९ जीबी वाढतात. याचा अर्थ, १ टीबी क्षमतेची डिस्क बहुतेकांना पुष्कळ वर्षे पुरेल. महागड्या टेप यंत्रणेची आपल्या आकाराच्या व्यवसायास आवश्यकता नाही. ज्यांची उलाढाल मोठी आहे, त्यांनी धक्का सोसणाऱ्या कवचात बसविलेल्या आरडीएक्स प्रकारच्या डिस्कचा विचार करावा.

डिस्क तीन घ्याव्यात आणि शक्य तर निरनिराळ्या वेळी घ्याव्यात, म्हणजे एकाच खेपेतील दोष तिन्हींत येणार नाही. पहिलीवर सोम-बुध-शुक्र आणि दुसरीवर मंगळ-गुरु-शनि, अशी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावी. सायंकाळी काम संपल्यावर त्या वाराची डिस्क जोडावी, प्रत घ्यावी, ती पूर्ण झाल्याची खात्री करून घ्यावी, संगणकास रीतसर सूचना देऊन डिस्क काढावी आणि घरी न्यावी. दुसऱ्या दिवशी येताना त्या वाराचीच तेवढी आणावी. अशाने सर्व्हर आणि दोन्ही डिस्क कधीही एका छपराखाली येत नाहीत. प्रत मध्यरात्री आपोआप घ्यावयाची असेल, तर डिस्क सकाळी सर्वप्रथम काढावी. रात्रीपुरता धोका राहतो, हे मात्र समजून असावे.

तिसरी डिस्क महिन्यातून एकदाच, शेवटच्या शनिवारी, जोडावी आणि बँकेच्या लॉकरमध्ये अथवा परगावी राहणाऱ्या विश्वासू आप्ताकडे ठेवावी. तिच्यावर दर महिन्याचा वेगळा कप्पा करावा आणि जुना कप्पा पुसू नये. ३१ मार्चची प्रत कायम ठेवावी. या डिस्कचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सर्व्हर जळला तर ते तत्काळ कळते; पण एखादी नोंदवही हळूहळू बिघडत असेल अथवा एप्रिलमध्ये चुकून पुसलेली यादी जुलैत हवी झाली, तर रोजच्या दोन्ही डिस्कवर तोवर बिघडलेलीच प्रत चढलेली असते. अशा वेळी जुनी प्रतच उपयोगी पडते. इंग्रजी जाणणारे तंत्रज्ञ या रचनेस आजोबा, वडील आणि मुलगा अशीच नावे देतात. रोजची प्रत हा मुलगा, आठवड्याची हे वडील आणि महिन्याची हे आजोबा. आमच्या रचनेत वडिलांना सुटी दिली आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्याप्रमाणे आजोबांची आठवण अडचणीतच होते, हे खरे.

प्रत कशाची घ्यावी, हेही पाहावे. चालू असलेल्या माहितीकोशाची फाइल नुसती उचलून डिस्कवर टाकली, तर ती बहुधा अर्धवट अथवा निरुपयोगी निघते. चिकित्सालयाच्या प्रणालीत आणि टॅलीत बॅकअपची स्वतंत्र आज्ञा असते. तिचाच वापर करावा. विंडोज सर्व्हरमधील अंगभूत सोय संपूर्ण यंत्राची प्रत घेते आणि आळीपाळीने जोडल्या जाणाऱ्या एकाहून अधिक डिस्कही स्वीकारते. ती डिस्क आपल्यासाठी राखून ठेवते आणि आधी तिच्यावर असलेले सर्व काही पुसून टाकते, हे मात्र सुरुवातीसच ध्यानात घ्यावे. महिन्याच्या कप्प्यांची तिसरी डिस्क म्हणूनच या सोयीच्या स्वाधीन करू नये. ती डिस्क एफएटी ३२ या जुन्या मांडणीची असल्यास ४ जीबी अथवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर मावत नाही; म्हणून ती एनटीएफएस मांडणीची करून घ्यावी. याच डिस्कवर प्रणालीची स्थापना-फाइल आणि परवान्याचा क्रमांक हेही ठेवावेत. प्रत शाबूत आहे, पण ती वाचणारी प्रणाली आता मिळत नाही, ही अवस्था प्रत नसण्याइतकीच वाईट.

डिस्क घरी नेताना ती रस्त्यात हरविण्याची अथवा चोरीस जाण्याची शक्यता असते. तिच्यात रुग्णांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत. वंध्यत्वाच्या चिकित्सेची नोंद बसमध्ये विसरलेल्या पिशवीतून परक्याच्या हाती पडणे, हा आमच्या दृष्टीने वैद्यधर्माचा भंग होय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली संमत झालेला आहे. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीतील बिटलॉकर वापरून डिस्क कुलूपबंद करावी. त्या वेळी मिळणारा ४८ अंकी पुनःप्राप्ती क्रमांक कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवावा. तो डिस्कवरच लिहून ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकविणे.

डिस्कची निगा फार कठीण नाही. वाचणारे टोक आणि चकती यांत फिरताना केवळ काही नॅनोमीटरचे अंतर असते, म्हणून चालू डिस्क हलवू अथवा आपटू नये. चूर्णाच्या यंत्राची धूळ आणि हादरे, भट्टीची उष्णता यांपासून ती दूर असावी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. लॉकरमधील डिस्क दर महिन्यास फिरते, तिला तेवढा व्यायाम पुरेसा आहे. चार-पाच वर्षे झाली की डिस्क चालत असली तरी बदलावी.

सर्वांत शेवटी, आणि सर्वांत महत्त्वाचे, परीक्षण. थैलीवर अश्वगंधा लिहिले म्हणून आत अश्वगंधाच असते, असे आपण मानतो काय? द्रव्य पारखूनच आपण ते पाकात घालतो. डिस्कच्या बाबतीत मात्र 'बॅकअप यशस्वी' हे पडद्यावरील शब्द पाहून आपण समाधान मानतो. दर तीन महिन्यांनी एखाद्या दुसऱ्या संगणकावर ती प्रत उतरवावी, निरनिराळ्या वर्षांच्या दहा रुग्णपत्रिका उघडाव्यात, दोन बॅचचा तपशील वाचावा आणि साठ्याची अखेरची शिल्लक सर्व्हरवरील शिल्लकेशी ताडून पाहावी. या कामास लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा. संकटकाळी आपले दालन किती तासांत पुन्हा उघडेल, याचा तोच खरा अंदाज असतो.

काही आक्षेप

"हे काम आमचा संगणकवाला पाहतो," असे उत्तर आम्हांस वारंवार मिळते. संगणक तज्ज्ञाची मदत जरूर घ्यावी. यंत्र बसविणे, प्रणाली लावणे हे त्याचेच काम. परंतु रोजची डिस्क नेणे आणि तिमाही परीक्षण करणे, या दोन गोष्टी मालकाने अथवा मालकाने नावानिशी नेमलेल्या व्यक्तीनेच कराव्यात, आणि त्याची स्वाक्षरी वहीत असावी. नोंदी गेल्यावर रुग्ण आपल्याकडे येतो, संगणकवाल्याकडे नव्हे.

रोजच्या कंटाळ्याविषयीचा दुसरा आक्षेप आम्ही अधिक गांभीर्याने घेतो, कारण तो खरा आहे. पहिल्या महिन्यात सारे उत्साहाने होते, नंतर एखादा वार चुकतो आणि पुढे डिस्क सर्व्हरलाच लटकू लागते. यावर उपाय एकच. दिवसाची रोकड मोजणे आणि दुकानास कुलूप लावणे आपण कधी विसरत नाही. डिस्क काढण्याचे काम त्याच दोन कामांच्या मध्ये बसवावे. दिनचर्येचे महत्त्व रुग्णांस सांगणाऱ्यांनी एवढा एक नियम आपल्या दिनचर्येत घालू नये, हे शोभत नाही. ज्यांना खरोखरच रोज जमणार नाही, त्यांनी आठवड्यातून दोनदा तरी करावे. मग फार तर तीन-चार दिवसांच्या नोंदी कागदावरून पुन्हा भराव्या लागतील.

खर्चाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. तीन डिस्कना काही हजार रुपये पडतात. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा त्याहून कितीतरी अधिक मागतात, आणि तरीही यशाची हमी देत नाहीत.

संघटनेस विनंती

हा विषय केवळ व्यक्तिगत दक्षतेवर सोडावा, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एक बैठक या कामासाठी द्यावी. सभासदांनी आपापली डिस्क सोबत आणावी आणि प्रत खरोखर उतरते की नाही, हे शाखेच्या संगणकावर स्वतः पाहावे. पाहून झाल्यावर उतरविलेली माहिती त्यांच्यासमक्ष पुसावी. भाषणापेक्षा या एका प्रात्यक्षिकाचा उपयोग अधिक होईल. ज्या सभासदांची गावे एकमेकांपासून दूर आहेत, त्यांनी परस्परांच्या मासिक डिस्क कुलूपबंद स्वरूपात सांभाळाव्यात. नदीकाठच्या गावातील वैद्याची प्रत घाटमाथ्यावरील वैद्याकडे असेल, तर महापुरातही ती कोरडी राहील. चिकित्सालयासाठी नवी प्रणाली खरेदी करताना, संपूर्ण माहिती बाहेर काढण्याची सोय तीत असलीच पाहिजे, ही अट सर्व सभासदांनी विक्रेत्यांपुढे ठेवावी, असा ठरावही संघटनेने करावा. एकट्या वैद्याचे विक्रेता ऐकत नाही, संघटनेचे ऐकेल.

आपल्या पूर्वसूरींपाशी भूर्जपत्र, ताडपत्र आणि लेखणी एवढेच होते. तरीही शिष्याने गुरूची पोथी उतरून घ्यावी आणि ती आपल्या गावी न्यावी, या साध्या रीतीने त्यांनी हे शास्त्र आपल्या हाती दिले. जेथे ती रीत तुटली, तेथे ग्रंथ लोपले. आपल्या रुग्णांच्या नोंदी पुढच्या पिढीच्या वैद्यास मिळावयाच्या असतील, तर आजच सायंकाळी दालन बंद करताना ती डिस्क सर्व्हरपासून काढून सोबत न्यावी, एवढीच सर्व सभासदांस नम्र विनंती.